शेपटीचा नाद: कुत्रं गोल गोल फिरायला लागलं तर

आमचा गुंड्या जर्मन शेफर्डचा क्रॉस. दुपारी पावणेतीनच्या सुमारास शाळेच्या व्हॅन गल्लीतून जायला लागल्या की तो फाटकापाशी थबकायचा, मान तिरकी करून स्वतःच्या शेपटीकडं बघायचा आणि मग सुरू. कायम डाव्या अंगानं. एकदा मी मोजल्या, एकसष्ट फेऱ्या झाल्या. फरशीवर नखांची खरखर, तोंडाला फेस, आणि हाक मारली तर कानसुद्धा हलत नसे. पहिले दोन महिने आम्ही हसलो. पुतण्यानं व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट लागलीय, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका, तेही केलं. मग एक दिवस शेपटीचं टोक सोलून भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले, तेव्हा आमची डोकी ठिकाणावर आली.

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात शाहूपुरीत राहणारा, घरी पहिलंच कुत्रं असलेला माणूस. वर्षभर डॉक्टरांचे सल्ले, वाचन आणि स्वतःच्या चुका यांतून जे हाती लागलं ते नव्यानं कुत्रं पाळणाऱ्यांसाठी क्रमानं लिहितोय. सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट आधी सांगतो: कुत्रं एकदा फिरायला लागलं की आपल्या हातात फारसं काही उरत नाही. जे करायचं ते त्याच्या आधीच्या वीस मिनिटांत.

पहिलं काम: हा खेळ की नाद?

तीन महिन्यांचं पिल्लू शेपटीमागं पळतं तो खेळ. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज आला की ते सगळं सोडून पळत येतं. नाद लागलेलं कुत्रं येत नाही. त्याच्या चेहऱ्यावर मजा दिसत नाही; डोळे ताणलेले, अंग कडक. तीच हालचाल, त्याच जागी, तशीच पुन्हा पुन्हा.

सगळी कुत्री गोलच फिरतात असंही नाही. लॅब्राडॉरसारखी मोठी कुत्री पुढच्या पायाचं मनगट तासन् तास चाटत बसतात, केस जाऊन तिथं लालभडक, जाड चट्टा होतो. डोबरमन स्वतःची कूस किंवा गोधडीचं टोक चोखत राहतो. बॉर्डर कॉलीला सावल्या आणि भिंतीवरचे कवडसे यांचं वेड लागतं. काही कुत्री नसलेली माशी हवेत पकडतात, काही फरशी चाटत सुटतात. गोल फिरणाऱ्यांत जर्मन शेफर्ड आणि बुल टेरियर जास्त. यात रक्ताचा भाग असतो. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांना गोधडी चोखणाऱ्या डोबरमनांमध्ये सातव्या गुणसूत्रावरच्या एका जागेशी या वागण्याचा संबंध सापडला. म्हणजे सगळा दोष तुमचाच असं मनाला लावून घेऊ नका. आणि आपलं गावठी आहे, त्याला काय होतंय, असंही समजू नका. सहा फुटी साखळीवर वाढलेलं कुठलंही कुत्रं या वाटेला लागू शकतं.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. हाक मारल्यावर थांबतं का? जेवण, झोप सोडून करतं का? आणि घरात कुणी नसताना करतं का? तिसऱ्या प्रश्नासाठी फोन कपाटावर रेकॉर्डिंगला लावून बाहेर जा. फक्त तुमच्यासमोरच करत असेल तर बहुतेक तुमचं लक्ष वेधण्याची युक्ती असते, आणि तिचा उपाय वेगळा: फिरताना बघायचं नाही, हसायचं नाही, शांत बसल्यावर लाड करायचे. आमचा गुंड्या घर रिकामं असतानाही फिरत होता.

इथंच एक सावधगिरी. लस न दिलेलं कुत्रं एकाएकी विचित्र वागायला लागलं, लाळ गाळतंय, हवेत चावतंय, उगाच अंगावर येतंय, गिळता येत नाही असं दिसलं, तर ते नाद वगैरे समजून तोंडात हात घालायला जाऊ नका. रेबीज असू शकतो. त्याला बंद जागेत एकटं ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. चावलं, ओरखडलं असेल तर जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवून थेट सरकारी दवाखाना गाठा. तसंच, लस न झालेल्या पिल्लाचा जबडा किंवा पाय सारखा ठेक्यात उडत असेल तर डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्यांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची, शंका घ्यावी लागते.

दुसरं काम: वही

शंभर पानी वही घ्या आणि आठ दिवस लिहा. किती वाजले, कुत्रं कुठं होतं, बांधलेलं की मोकळं, घरात कोण होतं, सुरू होण्याआधी काय झालं, किती वेळ चाललं, कशानं थांबलं. आमच्या वहीतलं एक पान असं आहे:

"मंगळवार. २.४०. फाटकापाशी, साखळीला. मी आत, हिचं वाळवण गच्चीवर. पहिली व्हॅन कोपऱ्यावर. गुंड्यानं जांभई दिली, ओठ चाटले, पुन्हा जांभई. दुसरी व्हॅन, हॉर्न. शेपटीकडं बघितलं. सुरू. ३ मिनिटं. थांबल्यावर भांडंभर पाणी प्यायला, मग भिंतीला टेकून धापा."

त्या दोन जांभया आम्हाला आधी कधी दिसल्याच नव्हत्या. झोप आली असेल असं वाटायचं. ताण आला की कुत्री जांभया देतात, ओठ चाटतात, अंग झटकतात हे नंतर कळलं. आठ दिवसांची पानं शेजारी ठेवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. सकाळी हिनं त्याला गावाजवळच्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत फिरवून आणलेल्या दिवशी फेऱ्या कमी, आणि मला घाई म्हणून सकाळपासून साखळीला बांधलेल्या दिवशी दुप्पट. वही खोटं बोलत नाही, हे जरा झोंबलं.

लिहिण्याबरोबर व्हिडिओही काढा. सुरू झाल्यावरचा सगळेच काढतात. तुम्ही आधीची पाच मिनिटं धरून काढा.

तिसरं काम: डॉक्टर, आणि तेही आधी

ही पायरी लोक गाळतात. वागणुकीचा विषय आहे, डॉक्टर काय करणार, असं वाटतं. पण शेपटीमागं लागण्याचं कारण बऱ्याचदा शेपटीपाशीच असतं. गुदाजवळच्या दोन ग्रंथी भरून ठणकत असतात, पिसवा नाहीतर गोचीड असतात, त्वचेची ॲलर्जी असते, कमरेचा मणका दुखत असतो. पाय चाटणाऱ्या कुत्र्याच्या पायात जुना काटा किंवा दुखरा सांधा निघतो. फरशी चाटण्याचं मूळ तर पोटात असू शकतं: सतत फरशी-भिंती चाटणाऱ्या १९ कुत्र्यांची एका अभ्यासात तपासणी केली, तेव्हा १४ जणांना पोटाचा किंवा आतड्याचा विकार निघाला. माशी पकडण्याची हालचाल कधी पोटातून येते, कधी तो मेंदूतला छोटा झटका असतो. म्हणून त्या वेळी कुत्रं शुद्धीवर दिसतं का, नंतर भेलकांडतं का, हे व्हिडिओत बघणं महत्त्वाचं.

आम्ही पहिल्या ज्या दवाखान्यात गेलो तिथं "कुत्रंच ते, फिरणारच" एवढं ऐकून परत आलो. दोष आमचाही होता. व्हिडिओ नेला नव्हता आणि टेबलावर गुंड्या शहाण्यासारखा बसून राहिला. दवाखान्यात सगळीच कुत्री शहाणी होतात. दुसऱ्या डॉक्टरांना वही आणि फोन दोन्ही दाखवलं. त्यांनी शेपटीखाली तपासलं, ग्रंथी गच्च भरलेल्या. त्या मोकळ्या केल्यावर आठवड्यात फेऱ्या निम्म्यावर आल्या.

निम्म्यावर, शून्यावर नाही. दुखण्यानं सुरू झालेली गोष्ट दुखणं गेल्यावरही उरते, पायवाट पडल्यासारखी. त्यामुळं उपचार झाला की काम संपलं असं धरू नका, आणि उलट, फक्त सवय मोडण्याच्या मागं लागून दुखणं तसंच ठेवू नका.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा: त्वचा बघितली का, ग्रंथी तपासल्या का, कंबर दाबून बघितली का, रक्त आणि थायरॉइड तपासायची गरज आहे का. जास्त तपासण्या लागल्या तर आपल्या जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्याच्या रस्त्यानं खंबाटकीचा बोगदा मागं पडला की पुढं शिरवळ. जाण्याआधी वेळा विचारून घ्या, आणि गाडी लागणाऱ्या कुत्र्याला रिकाम्या पोटी न्या.

लगेच बंद करायच्या गोष्टी

ओरडणं, मारणं, पाणी फेकणं. मुळात ताणानं फिरतंय, त्यात तुमची भर कशाला? शेपटीला नाहीतर जखमेला तिखट चोळणं, चुना लावणं. हळद त्यामानानं निरुपद्रवी, पण चाटणाऱ्या कुत्र्याच्या पायावर हळद-तुपाचा लेप लावला तर ते दुप्पट चाटतं. त्यातून ओली राहिलेली जखम आतून चिघळते, खाजते, आणि खाजली म्हणून पुन्हा चाटलं जातं. हे चक्र तोडायला डॉक्टरांचं औषध, कधी कधी कित्येक आठवडे, लागतं. गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कोन जखम भरेपर्यंत उपयोगी. पण नुसता कोन घालून बाकी काही बदललं नाही, तर कोन काढल्या दिवशी सगळं मूळपदावर.

लेसरचा लाल ठिपका भिंतीवर नाचवणं. आमच्या पुतण्यानं जत्रेतून पन्नास रुपयांची पेनासारखी बत्ती आणली होती. कुत्र्याला पळवायला झकास वाटते, पण तो ठिपका कधीच तोंडात सापडत नाही. मग कुत्रं ठिपका गेल्यावरही भिंत शोधत राहतं, आणि पुढं स्टीलच्या ताटाचा कवडसासुद्धा पुरतो. ती बत्ती मी स्वतः कचऱ्यात टाकली.

आणि दिवसभराची साखळी. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं, आखूड साखळीवर अवाजवी वेळ ठेवणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. हे वाचून मी गुंड्याच्या साखळीकडं बघितलं आणि गप्प बसलो.

दिवस बसवणं

कुत्र्याला घड्याळ आवडतं. जेवण, फिरणं, झोप यांच्या वेळा अर्ध्या तासाच्या आतबाहेर ठेवा.

फिरणं म्हणजे किलोमीटर मोजणं नव्हे. तासभर दोरीनं ओढत नेण्यापेक्षा अर्धा तास नाक खाली घालून हुंगू द्या. एका खांबापाशी चार मिनिटं लागली तर लागू द्या, त्याचं ते वर्तमानपत्र आहे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी डांबर निवल्यावर; आपला तळहात सात-आठ सेकंद रस्त्यावर टेकवून बघा, भाजला तर त्याचे पंजेही भाजणार. पावसाळ्यात साताऱ्याची झड लागली की चार-चार दिवस बाहेर पडता येत नाही, आणि आमच्या वहीत जुलै सगळ्यात वाईट महिना आहे. तेव्हा घरातच नाकाला काम द्यायचं. जुना टॉवेल पसरून त्यात दाणे टाकून गुंडाळायचा, त्याच्या दोन गाठी मारायच्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि त्यात जेवण. वीस मिनिटं हुंगलेलं कुत्रं तासभर पळालेल्या कुत्र्यासारखं झोपतं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.

जेवणाचंही बघा. नुसतं दूध-चपाती किंवा भाकरीचा काला याच्यावर कुत्र्याचं पोषण पुरं होत नाही. फिनलंडमध्ये शेपटीमागं फिरणाऱ्या कुत्र्यांचा एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जीवनसत्त्वं आणि खनिजं मिळणाऱ्या कुत्र्यांमध्ये फिरणं कमी आढळलं, आणि आईपासून लवकर तोडलेल्यांमध्ये जास्त. याचा अर्थ गोळ्या घातल्या की नाद जातो असा नाही, पण डॉक्टरांना आहार विचारून घ्यायला काय हरकत आहे? कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षं-बेदाणे, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं मात्र कधीच नाहीत. आणि नवं पिल्लू आणणार असाल तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका; कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार तसं विकताही येत नाही.

ती वीस मिनिटं

आता मुख्य काम. आमच्याकडं ते एका जुन्या सतरंजीवर झालं.

पहिला आठवडा. घर शांत असताना, व्हॅनच्या वेळेपासून लांब, सकाळी दहाला सतरंजी पसरली. गुंड्यानं तिच्यावर पाय ठेवला की हरभऱ्याएवढा पनीरचा तुकडा. हातातून नाही, सतरंजीवरच ठेवायचा, म्हणजे त्याचं लक्ष माझ्या खिशाकडं न जाता खाली राहतं. बसला की आणखी एक. हनुवटी टेकवली की दोन. दोन मिनिटं झाली की सतरंजी गुंडाळून कपाटात. ती कायम पसरून ठेवायची नाही, नाहीतर तिची किंमत जाते. चौथ्या दिवशी मी कपाट उघडलं तर हा आधीच येऊन उभा.

या काळात खऱ्या व्हॅन त्याच्या कानावर शक्यतो पडू दिल्या नाहीत. ही गोष्ट विसरू नका. एकीकडं शिकवायचं आणि दुसरीकडं रोज दुपारी तेच घडू द्यायचं, तर जुनी वाटच पक्की होते. अडीचच्या आधी गुंड्या मागच्या खोलीत, पडदा ओढलेला, रेडिओ चालू.

दुसरा आठवडा. व्हॅनचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला आणि शेजारच्या खोलीतून अगदी बारीक लावला. गुंड्या सतरंजीवर. त्याचा कान वळला, परत आला, तुकडा. पुन्हा आवाज, पुन्हा तुकडा. जांभई आली की समजायचं, आवाज मोठा झालाय. कमी करायचा, बंद करून मोकळं सोडायचं. इथं घाई करणारा हमखास मागं जातो. मी गेलो. एका रविवारी पाहुण्यांसमोर फुशारकी मारायला आवाज एकदम वाढवला आणि सगळ्यांच्या देखत बावीस फेऱ्या झाल्या. पुढचे चार दिवस पुन्हा बारीक आवाजापासून सुरुवात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात खऱ्या वेळेला हात घातला. २.२० ला परसात दाणे विखरून दिले, तो नाक घालून शोधत राहिला. २.३५ ला आत, सतरंजी, मी शेजारी भाजी निवडत. व्हॅन आली, त्यानं माझ्याकडं बघितलं. शेपटीकडं नाही, माझ्याकडं. मी पनीरचा उरलेला अख्खा तुकडाच खाली ठेवला.

तरीही मध्येच सुरू झालं तर? पकडायला जाऊ नका. त्या तंद्रीत ओळखीचं कुत्रंही चावतं. पडदा ओढा, आवाज बंद करा, दुसऱ्या खोलीचं दार उघडा आणि नेहमीच्या स्वरात "चल" म्हणत दोरी वाजवा. आलं तर एखादं सोपं काम सांगा, बस म्हणा, मग खाऊ. फिरतानाच खाऊ पुढं केला तर फिरल्यावर पनीर मिळतं एवढंच त्याच्या लक्षात राहील.

औषधाची वेळ

दिवसातले तास नादात जात असतील, जखमा होत असतील, जेवण सुटलं असेल, तर नुसत्या सतरंजीनं भागत नाही. डॉक्टर फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखं औषध सुरू करू शकतात. ही झोपेची गोळी नव्हे. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, औषध महिनोन्महिने चालतं, आणि बंद करताना हळूहळू कमी करत न्यावं लागतं. सुरुवातीला भूक मंदावते, कुत्रं सुस्तावतं. खाणंच सोडलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. औषधाबरोबर शिकवणं चालूच ठेवायचं, कारण औषधानं मन थोडं निवतं तेव्हाच शिकवलेलं डोक्यात शिरतं.

गोचिडांसाठी आपल्याकडं सर्रास वापरलं जाणारं अमित्राझ, धुण्याच्या औषधातलं किंवा गळपट्ट्यातलं, या औषधांबरोबर चालत नाही. गोचिडांसाठी काय वापरता ते डॉक्टरांना आधी सांगा, बाटली घेऊनच जा. आणि घरातल्या आजोबांच्या डब्यातली गोळी अर्धी करून द्यायची नाही. माणसाच्या पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेननंसुद्धा कुत्र्याला गंभीर विषबाधा होते.

म्हातारं कुत्रं आयुष्यात पहिल्यांदाच गोल फिरायला लागलं, किंवा डोकं एका बाजूला कलतंय, तोल जातोय, तर वही लिहीत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

किती दिवस लागतात

आम्हाला रोजच्या साठांवरून आठवड्याच्या दहा-बारावर यायला सात महिने लागले. मध्ये गणपतीत ढोल आणि दिवाळीत फटाके, दोन्ही वेळा आकडा चढला. अशा वेळी नवं काही शिकवायचं नाही. मागची खोली, पडदे, टॉवेलच्या गाठी, एवढंच. घर बदललं, बाळ आलं, घरातलं कुणी शिकायला पुण्याला गेलं तरी नाद डोकं वर काढतो. आकडा चढला की आधी शेपटीखाली बघायचं, मग वही उघडायची.

आमची तिसरी वही चालू आहे. कालचं पान: "२.४०, व्हॅन, काही नाही. ४.१०, गॅसची गाडी, नवा माणूस, सिलिंडर आपटला. एक जांभई, ४ फेऱ्या. 'चल' म्हटल्यावर आला." खाली हिनं पेन्सिलीनं लिहिलंय, सतरंजी धुवायला टाका, वास येतोय.